पदकामागची वही

फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एन्झाइमांना प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या निवडत नेऊन हवे ते काम करायला लावण्याची त्यांची पद्धत आज औषधांपासून इंधनापर्यंत सगळीकडे वापरली जाते. २०२० च्या जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केले की, आदल्या वर्षी ‘सायन्स’मध्ये आलेला आपल्या गटाचा एक शोधनिबंध आपण मागे घेत आहोत. बीटा-लॅक्टम नावाचे रेणू एन्झाइमांकरवी तयार करण्याबद्दलचा तो निबंध होता. प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा एन्झाइमांनी दाव्याइतके काम केले नाही. मग प्रयोगशाळेतली वही उघडली गेली. महत्त्वाच्या प्रयोगांच्या त्या त्या दिवशीच्या नोंदी आणि मूळ आकडे तिच्यात नव्हते. निबंध पाठवताना आपण इतर व्यापात होतो आणि आपले काम नीट केले नाही, हेही अर्नोल्ड यांनी कसलीही सारवासारव न करता लिहिले.

नोबेल मिळून सव्वा वर्ष झालेले असताना आणि कुणी जाब विचारलेला नसताना केलेली ही जाहीर कबुली होती. त्यावर आलेल्या प्रतिक्रियांत टीकेपेक्षा आदर जास्त होता. प्रस्तुत संग्रहाचे सगळे सूत्र या घटनेत सापडते. विज्ञानावर लोकांनी विश्वास का ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर पदकात शोधायला गेले की हाती फारसे काही लागत नाही. ते शोधावे लागते वहीत, म्हणजे दुसऱ्या माणसाला तपासता येईल अशा नोंदीत, आणि ती तपासू देण्याच्या तयारीत.

मग पुरस्कारप्राप्त शास्त्रज्ञांचाच संग्रह कशासाठी, असा प्रश्न वाचकाला पडेल, आणि तो रास्तच आहे. पुरस्काराने माणसाच्या हाती ध्वनिक्षेपक येतो. तो काय बोलतो हे वर्तमानपत्रे छापतात, सरकारे ऐकतात, शाळेतली मुले पाठ करतात. या आवाजाचा उपयोग कोणी कसा केला, याचा हिशेब मांडणे म्हणूनच गरजेचे आहे. लायनस पॉलिंग हे त्यातले सगळ्यात बोलके उदाहरण. रासायनिक बंधांवरच्या कामासाठी १९५४ चे नोबेल आणि अण्वस्त्रचाचण्यांविरुद्धच्या लढ्यासाठी १९६२ चे शांततेचे नोबेल त्यांना मिळाले. त्याच पॉलिंग यांनी १९७० पासून ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा पुरस्कार सुरू केला, आधी सर्दीसाठी आणि पुढे कर्करोगासाठी. मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ साली घेतलेल्या काटेकोर चाचण्यांत कर्करोगाच्या रुग्णांना त्याचा फायदा दिसला नाही, तरी पॉलिंग यांनी आपले म्हणणे सोडले नाही. एकाच माणसाच्या तोंडून निघालेल्या दोन दाव्यांपैकी एक तपासणीत टिकला आणि दुसरा टिकला नाही. पदक मात्र दोन्ही वेळा तेच होते.

या विषयाचा इतिहास साधारणपणे लंडनच्या रॉयल सोसायटीपासून सांगायची पद्धत आहे. १६६० साली स्थापन झालेल्या या संस्थेत रॉबर्ट बॉइल हवेच्या पंपाचे प्रयोग सभासदांपुढे करून दाखवत. काय घडले हे तर टिपून ठेवले जाईच, शिवाय ते कोणी पाहिले याचीही नोंद होई. राजाच्या किंवा धर्मग्रंथाच्या शब्दाऐवजी साक्षीदारांच्या डोळ्यांवर भिस्त ठेवण्याची ही रीत तेव्हा नवी होती. तिच्यातली उणीवही तेव्हाचीच: साक्षीदार म्हणून चालत ते प्रतिष्ठित पुरुषच. पंप चालवणारे मदतनीस आणि घरातल्या स्त्रिया त्यात धरल्या जात नसत. पुढे १८२५ मध्ये मायकेल फॅरडे यांच्या पुढाकाराने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळची व्याख्याने सुरू झाली आणि विज्ञान सभागृहातून बाहेर येऊ लागले. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून भौतिकशास्त्र, भूगोल असे विषय मराठी वाचकांच्या हाती दिले. मराठीत विज्ञान लिहिण्याला दोन शतकांच्या जवळ जाणारी परंपरा आहे, हे अधूनमधून आठवायला हरकत नाही.

पण संशोधन आणि लोकविश्वास यांचे नाते खऱ्या अर्थाने पणाला लागले ते मुंबई-पुण्यात, प्लेगच्या साथीत. या प्रकरणापाशी जरा थांबले पाहिजे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातला ताप हा प्लेगच आहे, हे मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गॅब्रियल व्हिएगस यांनी ओळखले. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले आणि कॉलऱ्याच्या लशीमुळे भारतात माहीत झालेले वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरात मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे ठरलेल्या मात्रेहून बरीच जास्त. ताप आला, अंग दुखले, पण ते बरे झाले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा लस घ्यायला तयार झालेले कैदी आणि न घेतलेले कैदी यांची तुलना झाली. लस घेतलेल्यांत आजाराचे आणि मृत्यूंचे प्रमाण कमी निघाले. कैद्याच्या ‘तयारी’ला संमती म्हणणे आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि तसे स्पष्ट म्हटले पाहिजे. तरीही दोन गट, एकच तुरुंग, एकच अन्न आणि मोजलेले परिणाम ही रचना त्या काळाच्या पुढची होती. आगाखानांनी आपल्या खोजा समाजासमोर लस टोचून घेतली आणि अनेक अनुयायी त्यांच्यामागून पुढे आले.

त्याच वर्षी पुण्यात काय घडले हे मराठी वाचकाला सांगायला नको. साथरोग कायदा फेब्रुवारीत आला. वॉल्टर रँडच्या हाताखाली गोरे शिपाई घराघरांत शिरले, बायकापुरुषांना बाहेर काढून तपासले गेले, सामान जाळले गेले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सावित्रीबाई फुले १० मार्च रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. रोग एक, वर्ष एक, आणि सरकारही एकच. तरी एकीकडे शास्त्रज्ञ स्वतःच्या दंडावर सुई घेतो आणि दुसरीकडे शासन विज्ञानाचे नाव घेऊन दार फोडते. सार्वजनिक आरोग्याबद्दलचा अविश्वास अज्ञानातून येतो असे सहज म्हटले जाते. पुण्याचा अनुभव सांगतो की, तो पुष्कळदा अपमानातून येतो.

हाफकिन यांची खरी कसोटी पुढे होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेल्या लोकांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. या सगळ्या १९ जणांना लस एकाच बाटलीतून दिलेली होती. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवून हाफकिन यांना निलंबित करण्यात आले. प्रत्यक्षात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. मलेरियाच्या कामासाठी १९०२ चे नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. बाटली आधीपासून दूषित असती, तर उघडताना दुर्गंध आला असता, आणि तसा आल्याची नोंद नाही, असा त्यांचा साधा, तपासता येणारा युक्तिवाद होता. १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांनी आणि इतर शास्त्रज्ञांनी पत्र लिहून हाफकिन यांची निर्दोष मुक्तता मागितली, आणि त्याच वर्षी ती झाली. मधली पाच वर्षे एका शास्त्रज्ञाची गेलीच, शिवाय लशीवरचा लोकांचा भरवसाही डळमळला. त्यांच्या प्रयोगशाळेतून वाढलेल्या परळच्या संस्थेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव मिळाले. आज तिथून रोज हजारो लोक जातात, पण मुल्कोवालचे नाव त्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. पुरस्काराच्या आवाजाचा रॉस यांनी केला तितका नेमका आणि न्याय्य उपयोग पुढच्या शंभर वर्षांत क्वचितच झाला, असे या प्रस्तावनाकाराचे मत आहे.

विसाव्या शतकात विश्वासाला तडे गेले ते यशामुळेही. हिरोशिमानंतर भौतिकशास्त्रज्ञांना लोक आदराने आणि भीतीने एकाच वेळी पाहू लागले. बॉम्बच्या प्रकल्पातून बाहेर पडलेले जोसेफ रॉटब्लाट पुढे अण्वस्त्रविरोधी पगवॉश परिषदांचा आधार झाले आणि १९९५ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइडच्या गोळीने हजारो मुले व्यंग घेऊन जन्माला आली. अमेरिकेत ते औषध तेव्हा बाजारात आले नाही, कारण फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी अपुऱ्या पुराव्यावर सही करायचे नाकारले. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ मध्ये कॅलटेकच्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांना सांगितले की, आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाऊ शकेल असे जे जे आपल्याला ठाऊक आहे, ते सगळे आपणच मांडले पाहिजे. संशोधनातल्या प्रामाणिकपणाची याहून कडक व्याख्या अजून कोणी केलेली नाही.

लोकांशी बोलायचे कसे, याबद्दल मात्र शास्त्रज्ञांत एकमत कधीच नव्हते. एक जुने घराणे मानते की, लोकांना माहिती कमी आहे, ती पुरवली की विश्वास आपोआप वाढेल. १९८५ च्या सुमारास वॉल्टर बॉडमर यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल सोसायटीने काढलेला अहवाल या विचाराचा ठळक टप्पा. त्यातून व्याख्याने, संग्रहालये, दूरदर्शन मालिका बहरल्या, आणि ते सगळे हवेच होते. पण पुढच्याच वर्षी चेर्नोबिलची किरणोत्सारी धूळ पावसाबरोबर इंग्लंडच्या कुम्ब्रिया भागातल्या डोंगरांवर उतरली. मेंढ्यांच्या विक्रीवरची बंदी तीन आठवड्यांत उठेल, असे तज्ज्ञांनी सांगितले. त्यांची गणिते चिकणमातीच्या सखल जमिनीवरून बांधलेली होती. डोंगराळ पीट-मातीत सीझियम मुळांतून गवतात आणि गवतातून मेंढीत पुन्हा पुन्हा फिरत राहिले. मेंढी कुरणात कशी चरते, तिला आवारात कोंडले तर काय होते, हे मेंढपाळांना ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नाही. ते निर्बंध पूर्ण उठायला २०१२ साल उजाडले. समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी या मेंढपाळांच्या मुलाखतींवर लिहिलेले काम आज या क्षेत्रात पायाभूत मानले जाते. त्यातून दुसरे घराणे उभे राहिले: संवाद दोन्ही बाजूंनी व्हावा, आणि स्थानिक ज्ञानही पुराव्यात धरावे. ‘मॅड काउ’ रोगाच्या गोंधळानंतर २००० साली ब्रिटिश वरिष्ठ सभागृहाच्या समितीनेही हीच दिशा धरली.

तिसरा प्रवाह विज्ञानाच्या आत वळून पाहणारा आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा फक्त ३६ टक्क्यांत मूळ निकालासारखा ठोस परिणाम मिळाला. विज्ञानाच्या विरोधकांनी हा आकडा लगेच उचलला. पण तो आकडा काढला होता शास्त्रज्ञांनीच, हे सांगायला ते विसरले.

भारतात आणि विशेषतः महाराष्ट्रात चौथी एक वाट आहे आणि ती चळवळीची आहे. केरळ शास्त्र साहित्य परिषद १९६२ ची, मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य झाले. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात भर सकाळी त्यांचा खून झाला. विज्ञानाची बाजू मांडणे हे जिवावर बेतणारे काम होऊ शकते, हे युरोपातल्या चर्चांत सहसा येत नाही. आपल्या चर्चेत ते विसरता येत नाही.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर याच मातीतले. १९६५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले होते. तरीही मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने. नावाला नव्हे, कथेला बक्षीस मिळावे, एवढाच हेतू. पुढे तोच नियम त्यांनी फलज्योतिषाला लावला. दाभोलकर आणि सहकाऱ्यांसोबत पुण्यात केलेल्या चाचणीत २०० कुंडल्या होत्या: निम्म्या हुशार विद्यार्थ्यांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. कुंडली कोणाची आहे, हे चाचणी चालवणाऱ्यांनाही उत्तरे येईपर्यंत कळू नये, अशी व्यवस्था होती. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिष्यांचे बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के निघाले. ज्योतिषाच्या एका संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही एवढी येतात. निबंध २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापला गेला. नारळीकरांनी ज्योतिष्यांची टिंगल केली नाही. त्यांनी त्यांना चाचणीला बोलावले, नियम आधी सांगितले आणि निकाल छापला. विश्वविज्ञानात ते स्वतः आयुष्यभर महास्फोटाच्या बहुमान्य सिद्धान्ताविरुद्ध उभे होते. त्यांचा पर्याय फार थोड्यांनी स्वीकारला. प्रस्थापित मताविरुद्ध जाणे आणि अवैज्ञानिक असणे यांत काय फरक आहे, हे समजून घ्यायचे असेल, तर त्यांच्याइतके चांगले उदाहरण नाही. सही मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत. उत्तर आले की त्याखाली सही असेच. २० मे २०२५ रोजी ते गेले.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी केलेल्या कामातही नोंदीला असेच मध्यवर्ती स्थान आहे. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाने दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून दाखवले की, ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग आहेत. तोवर या दुखण्याची मोजदादच झाली नव्हती. नंतर ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले गेले. श्वास मोजणे, वजन करणे, बाळ गरम ठेवणे, गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, आणि हे सगळे वहीत भरणे. खेड्यातल्या बाईच्या हाती इंजेक्शन देण्याला वैद्यकीय वर्तुळातून आक्षेप होते आणि ते बिनबुडाचे नव्हते. त्यांचे उत्तर आकड्यांनीच द्यावे लागणार होते. शेजारच्या गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजातमृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. निबंध १९९९ मध्ये आला, आणि पुढे घरपोच नवजात-सेवेचा सरकारी कार्यक्रम देशभर उभा राहिला. ज्या घरात बाळ दगावले त्या घरी जाऊन तो मृत्यू नोंदवणाऱ्या बाईवर गावाचा विश्वास नसता, तर यातला एकही आकडा मिळाला नसता. इथे लोकविश्वास संशोधनानंतर मिळालेला नाही. तो आधी होता, म्हणून संशोधन झाले.

मोठ्या यंत्रांच्या जगातही हीच शिस्त दिसते. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या ‘लायगो’ प्रकल्पात काही मोजक्या लोकांना गुपचूप खोटा संकेत घालण्याची मुभा होती. २०१० च्या सप्टेंबरात एक सुंदर संकेत आला. शेकडो शास्त्रज्ञांनी सहा महिने त्यावर काम केले, निबंध लिहून तयार केला. मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियात सगळे जमले आणि बंद लिफाफा उघडला गेला. संकेत मुद्दाम घातलेला होता. निबंध बाजूला ठेवला गेला आणि काम पुढे चालू झाले. म्हणूनच १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरी लहर आली, तेव्हा तिच्यावर भरवसा ठेवता आला. तिच्या निबंधावर हजाराहून अधिक नावे होती. २०१७ चे नोबेल तिघांना मिळाले, कारण नियमच तसा आहे. गोंगाटातून असा संकेत वेचण्याच्या गणितात पुण्याच्या ‘आयुका’तल्या संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे, आणि भारतातला ‘लायगो’ हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभा राहतो आहे. २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. औंढ्याच्या शेतकऱ्याला हे यंत्र काय करते ते त्याच्या भाषेत सांगणे, हे त्या खर्चात धरलेले काम असायला हवे.

आजच हा संग्रह का, याचे उत्तर कोविडने दिले आहे. कॅटलिन कारिको यांना १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पदावनत करण्यात आले, कारण एमआरएनएवरच्या संशोधनाला अनुदान मिळत नव्हते. ड्रू वाइसमन यांच्यासोबतचा त्यांचा निर्णायक निबंध २००५ चा. त्या तंत्रावरच्या कोविड लशी आल्या २०२० च्या शेवटी, नोबेल आले २०२३ मध्ये. ‘वर्षभरात लस कशी तयार झाली?’ हा लोकांचा संशय स्वाभाविक होता, कारण मधली पंचवीस-तीस वर्षे त्यांना कोणी दाखवलीच नव्हती. भारतात जानेवारी २०२१ मध्ये एका देशी लशीला तिसऱ्या टप्प्याचे निकाल हाती येण्याआधीच परवानगी मिळाली, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी जाहीर प्रश्न विचारले. त्यांना देशद्रोही ठरवण्याची घाई काहींनी केली. तेच आकडे त्या वर्षअखेर ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि लस परिणामकारक निघाली. तरीही प्रश्न विचारणारे बरोबर होते. पुरावा नंतर आला, म्हणून आधी मागणे चूक ठरत नाही.

आपल्या विज्ञानसंस्थांनीही आरशात पाहावे, अशी एक गोष्ट २०१० ची आहे. बीटी वांग्यावर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यांतली एक नागपूरला झाली. फेब्रुवारीत स्थगिती आली. मग देशातल्या सहा विज्ञान अकादमींनी मिळून अहवाल दिला आणि त्यात दुसरीकडून जसेच्या तसे उचललेले मजकूर सापडले. अहवाल पुन्हा लिहावा लागला. जनुकबदल पिकांच्या बाजूने किंवा विरुद्ध मत काहीही असो, त्या दिवशी नुकसान सगळ्या विज्ञानाचे झाले.

एकूण विश्वास कोसळला आहे, हे मात्र खरे नाही. जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये ६८ देशांतल्या सुमारे ७२ हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. बहुतेक देशांत शास्त्रज्ञांवरचा विश्वास मध्यमाहून वरचा आहे. ७८ टक्के लोक त्यांना कामात सक्षम मानतात, ५७ टक्के प्रामाणिक मानतात, आणि शास्त्रज्ञ इतरांचे म्हणणे लक्षात घेतात असे मानणारे आहेत ४२ टक्के. या तीन आकड्यांतली उतरंड कोणत्याही घोषणेपेक्षा जास्त सांगते. शास्त्रज्ञ हुशार आहेत याबद्दल लोकांना शंका नाही. ते ऐकून घेतात का, याबद्दल आहे.

हा संग्रह त्या उतरंडीकडे पाहून आखलेला आहे. शास्त्रज्ञांची जाहीर भाषणे, आत्मकथने आणि नियतकालिकांतले लेख यांच्या आधारे प्रत्येकाला येथे तीनच गोष्टी विचारल्या आहेत: तुमचे काय चुकले, ते कोणी दाखवले, आणि तुम्ही ते लोकांना कसे सांगितले. शोधांची ओळख लागेल तेवढीच दिली आहे. नोबेल विजेत्यांच्या शेजारी गावातल्या आरोग्यसेविका, सांख्यिकी जाणणारे प्राध्यापक आणि प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ यांनाही जागा दिली आहे, कारण वही बहुधा त्यांच्याच हातात असते. मराठीतल्या विज्ञानलेखनात शोधाच्या क्षणाचे कौतुक भरपूर झाले आहे. तो शोध खरा की खोटा हे ठरवण्याच्या कंटाळवाण्या, चिवट कामाबद्दल फार कमी लिहिले गेले आहे. ती उणीव काही अंशी तरी येथे भरून निघावी.

एका मुद्द्यावर या पानांतली मंडळी एकमेकांशी भांडतात. जीवशास्त्रज्ञ पुष्प भार्गव यांनी २०१५ मध्ये देशातल्या असहिष्णुतेच्या निषेधार्थ पद्मभूषण परत केले. नोबेल विजेते वेंकी रामकृष्णन यांनी भारतीय विज्ञान काँग्रेसला सर्कस म्हणून तिथे पुन्हा पाऊल ठेवायचे नाकारले. त्यांच्या या नकाराच्या वर्षभर आधी, जानेवारी २०१५ मध्ये, काँग्रेसच्या मुंबईच्या अधिवेशनात प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला होता. शास्त्रज्ञाने असे राजकारणात आणि वादात उतरावे की नाही? उतरला तर त्याच्या शास्त्रावरचा विश्वास कमी होतो, असे एक बाजू कळकळीने सांगते. गप्प राहिला तर तो विश्वास कशाच्या बळावर टिकणार, असे दुसरी बाजू विचारते. दोन्ही बाजूंना अनुभवाचा आधार आहे, आणि दोन्हींनी किंमत मोजलेली आहे. संपादकांनी हा वाद मिटवलेला नाही. शेवटच्या विभागात तो जसा आहे तसाच ठेवला आहे.